मळ्यातलं घर आणि जनावरं राखताना: ताबा घेण्यापासून परत देण्यापर्यंत

मे महिन्यातली लग्नं, मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी जाणं, नर्मदा परिक्रमा, निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत पंढरपूर. मळ्यात राहणारं कुटुंब घर सोडून निघतं तेव्हा शहरातल्या नातेवाइकाला किंवा मित्राला सांगतं, "चार दिवस राहायला ये, घर आणि जनावरं बघ." नाशिकहून गिरणारे, दिंडोरी, निफाड, सिन्नर, घोटीकडे असे राखणीला जाणारे बरेच आहेत. यातल्या बहुतेक राखणी एकाच ठिकाणी बिघडतात, ते म्हणजे ताबा घेताना. मालकाला नाशिक रोडची गाडी पकडायची असते. किल्ल्या हातात देत तो सांगतो, "मोतीला दोन वेळ भाकरी-दूध, कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात डालायच्या, बाकी गडी बघतो," आणि निघतो. मग रात्री मोटर कुठून बंद करायची हे कळत नाही आणि सकाळी गडी येत नाही.

म्हणून खालच्या क्रमातले पहिले टप्पे मालक निघण्याआधीचे आहेत. ते गाळून थेट रोजच्या कामांवर जाऊ नका.

१. होकार देण्याआधी विचारायचं

फोनवर भिडेखातर "येतो" म्हणू नका. आधी एवढं विचारा: जनावरं कोणती आणि किती? धार कोण काढतं, आणि तो आला नाही तर दुसरं कोण? कुत्रा परक्याला चावलेला आहे का? त्याची रेबीजची लस कधी झाली? रात्री कुत्रा, शेळ्या, वासरं कुठे असतात? जवळपास अलीकडे बिबट्या दिसलाय का? घरात मोबाइलला रेंज कुठे मिळते? पावसाळा असेल तर ओढ्याला पाणी आल्यावर रस्ता बंद होतो का?

दोन गोष्टींवर माझं मत ठाम आहे. गाय किंवा म्हैस गाभण असून दिवस भरत आले असतील, तर जाणता माणूस मुक्कामाला असल्याशिवाय राखण घेऊ नका. वेत अडलं तर मध्यरात्री शहरातल्या माणसाला काही सुधरत नाही आणि जनावर हातचं जातं. दुसरं, दुभत्या जनावराची धार काढणारा पक्का ठरलेला नसेल तर नाही म्हणा. धार चुकली की कास ताठरते, सुजते आणि दगडी (कासेचा आजार) होण्याची भीती असते. असा नकार मालकाच्याच भल्याचा असतो.

पिकांची जबाबदारी वेगळी बोलून घ्या. द्राक्षबागेची फवारणी, ठिबकचे व्हॉल्व्ह, कांदाचाळीतली निवड ही कामं गड्याची किंवा वाटेकऱ्याची असतात. "बागेकडे लक्ष ठेव" याचा अर्थ काय, ते मालकाकडून नेमकं वदवून घ्या.

स्वतःचा कुत्रा सोबत नेऊ नका. मित्रांना पार्टीला बोलवू नका.

२. मालकासोबत एक संध्याकाळ, एक रात्र, एक सकाळ

मालक निघणार त्याच्या आदल्या दुपारी मळ्यात पोचा. आधी संध्याकाळ बघायची, मग रात्र, मग सकाळ. मळ्यातलं अवघड काम दिवेलागणीला असतं, आणि नेमकं तेच सकाळी ताबा घेणाऱ्याला बघायला मिळत नाही.

या वेळात तुम्ही नुसते मागे मागे फिरू नका. वैरण तुम्ही टाका, कोंबड्या तुम्ही डाला, फाटक तुम्ही लावा. मालकाने बाजूला उभं राहून चुका सांगायच्या. कुत्र्याला संध्याकाळचं जेवण मालकाच्या देखत तुमच्या हातून जाऊ द्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची घाई नको. तो हुंगेल, लांब बसेल, मग खाईल. दुसऱ्या सकाळी मालक सोबत असताना साखळी तुमच्या हातात घेऊन त्याला एक फेरी मारून आणा. एवढं झालं असेल तर मालकाची गाडी निघाल्यावर तो तुम्हाला घरात फिरू देतो. नाहीतर काही कुत्री मालक गेल्यावर नव्या माणसाला पडवीतून आत येऊ देत नाहीत.

मापं डोळ्यांनी बघून घ्या. "एक पाटी कुट्टी" म्हणजे कोणती पाटी? "दोन वाट्या भरडा" म्हणजे कोणती वाटी, आणि शिगोशीग की सपाट? त्या पाटीला आणि वाटीला रंगीत चिकटपट्टी लावा. भरलेल्या गव्हाणीचा फोटो काढून ठेवा. मोटरचा स्टार्टर चालू-बंद करताना मालकाचा छोटा व्हिडिओ घ्या, तोंडाने सांगत सांगत.

गडी, त्याच्या घरच्या मावशी, शेजारच्या मळ्यातले नाना-काका यांची ओळख मालकानेच करून द्यायला हवी. मालक म्हणाला, "नाना, हे आमचे पाहुणे, आठ दिवस इथेच आहेत, काही लागलं तर बघा," की तुमच्या रात्रीच्या हाकेला ओ मिळते. गावच्या पोलीस पाटलांनाही मालकाकडून एक फोन जाऊ द्या. मळ्यात अनोळखी गाडी उभी दिसली की गावात चौकशी होतेच.

तपासा: मालक निघण्याआधी संध्याकाळचं सगळं काम तुम्ही एकदा, कुणी न सांगता, पूर्ण केलंय का? नसेल तर निघायची वेळ पुढे ढकलायला सांगा.

३. एक वही, तीन पानं

मोबाइलमध्ये नाही, कागदावर. रेंज जाते, बॅटरी संपते आणि गड्यालाही वाचता यायला हवं.

पहिल्या पानावर नंबर: मालक, त्यांच्या घरातलं दुसरं माणूस, गडी, धार काढणारा आणि त्याचा बदली, शेजारचे मळेवाले, गावातला वायरमन, कुत्र्याचे डॉक्टर, गुरांचे डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर शहरात असतात आणि रात्री मळ्यावर येत नाहीत. गुरांचे डॉक्टर मळ्यावर येतात, पण तुमच्या कुत्र्याला त्यांनी पूर्वी बघितलेलं नसतं. दोघांचे नंबर लागतात. याच पानावर सरकारी क्रमांक मोठ्या अक्षरात: पशुवैद्यकीय सेवा १९६२, वनविभाग १९२६, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, महावितरण १९१२, गॅस गळती १९०६.

दुसऱ्या पानावर पत्ता, आणि तो फोनवर वाचून दाखवता येईल असा. मळ्यांना घर क्रमांक नसतात. गट नंबर लिहा, डांबरी रस्ता कुठे सोडायचा, कोणतं मंदिर किंवा डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), किती फाटकं, कोणता नाला. रुग्णवाहिकेला रात्री मळा सापडत नाही, म्हणून डांबरी रस्त्यावर बॅटरी घेऊन कोण उभं राहणार हेही ठरवून ठेवा.

तिसऱ्या पानावर पैसे आणि परवानगी. जनावर आजारी पडलं आणि मालकाचा फोन लागला नाही, तर किती रुपयांपर्यंत उपचार तुम्ही ठरवायचे? मालकाने हे स्वतःच्या अक्षरात लिहून सही करावी आणि तेवढी रक्कम घरात ठेवून जावी. गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांकही इथेच उतरवा. सरकारी दवाखान्यात तो विचारतात. कुत्र्याचं लसीचं पुस्तक या वहीतच ठेवा.

गड्याने उचल मागितली तर द्यायची की नाही, हेही आधीच विचारा. मालक नसताना दिलेली उचल नंतर तिघांमध्ये कटकट करते.

४. पाणी आणि लाईट

शहरातून आलेल्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

बऱ्याच मळ्यांत घराचे दिवे सिंगल फेजवर चालतात आणि विहिरीची किंवा बोअरची मोटर थ्री फेजवर. शेतीची थ्री फेज लाईट ठराविक तासच असते. कुठे दिवसा, कुठे रात्री, आणि पाळी बदलत राहते. म्हणून घरात दिवा लागतोय याचा अर्थ मोटर चालेल असा होत नाही. तुमच्या मुक्कामाचं वेळापत्रक गड्याकडून किंवा वायरमनकडून घ्या आणि टाकी थ्री फेज असतानाच भरून ठेवा. गायीला दिवसाला ४०-५० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी लागतं. टाकी रिकामी राहिली तर तुमची अंघोळ चुकेल हा छोटा भाग, गोठा तहानेला राहील हा मोठा.

इशारा: अनेक स्टार्टरना ऑटो स्विच बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. पाइप, व्हॉल्व्ह किंवा मोटरपाशी काही करायचं असेल तर ऑटो बंद करा आणि मेन स्विचही खाली ओढा. नुसतं लाल बटण दाबून भागत नाही.

मोटर गुरगुरते पण पाणी येत नाही, असं झालं तर लगेच बंद करा. एक फेज गेलेली असते, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळत असतो किंवा विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. पुन्हा पुन्हा चालू करून बघितलं की मोटर जळते. गड्याला बोलवा. ओल्या हातांनी किंवा अनवाणी स्टार्टरला हात लावू नका. रबरी चप्पल आणि कोरडी फळी तिथेच ठेवा. डीपीवरचा फ्यूज गावातले लोक स्वतः टाकताना तुम्हाला दिसतील. तुम्ही टाकू नका. वायरमनला फोन करा आणि वाट बघा.

मळ्याभोवती झटका मशीनची (जनावरांना हटवणारा विजेचा हलका झटका देणारी) तार असेल तर ती किती वाजता चालू होते हे वहीत लिहा.

तपासा: टाकी भरायला किती वेळ लागतो हे पहिल्याच दिवशी घड्याळ लावून बघा आणि तेवढ्याच वेळाचा गजर लावून मोटर सुरू करा. वाहून गेलेलं पाणी गोठ्याच्या दारात साठतं आणि चिखलाने जनावरांचे खूर खराब होतात.

५. सकाळचा क्रम

क्रम मालकाचाच ठेवा. तुम्हाला सातला उठायची सवय असेल आणि गोठ्याला साडेपाचची, तर सवय तुम्ही बदलायची. खाली दिलाय तो क्रम मालकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर.

उठल्यावर आधी पडवीतला दिवा लावा, बूट उलटे करून झटका आणि मग घाला. विंचू बुटात बसतो. पुरतं उजाडेपर्यंत गोठ्याकडे एकट्याने जाऊ नका.

गोठ्यात पहिलं काम बघण्याचं. वैरण टाकण्याआधी प्रत्येक जनावर उभं राहतं का, रवंथ करतं का, रात्रीची वैरण संपवली का, शेण कसं आहे, नाक ओलं आहे का, हे बघा. वैरण पुढे पडली की सगळी जनावरं सारखीच दिसतात. मग शेण काढणं, मग पाणी, मग धार, मग वैरण-पेंड. काही घरांत धारेच्या वेळी पुढे पेंड ठेवायची पद्धत असते. तसं असेल तर तसंच करा.

कोंबड्या ऊन आल्यावर सोडा, आणि त्याआधी कुत्र्याचं खाणं उरकून तो बांधलेला असू द्या, तो त्यांच्यात वाढलेला असला तरीही. नवा माणूस घरात आला की कुत्री एक-दोन दिवस बावचळलेली असतात आणि अशा वेळी एरवी न केलेल्या गोष्टी करतात.

नेहमीची चूक: पहिल्याच सकाळी कुत्र्याला "मोकळं फिरू दे" म्हणून सोडणं. तो मालकाला शोधत डांबरी रस्त्यापर्यंत जातो. पहिले काही दिवस फेरी साखळीनेच. मांजराला पहिले दोन दिवस घरातच ठेवा, खिडक्या लावून.

६. दुपार

दुपारी फार काही नाही. सावली आणि पाणी. मार्च ते मे कुत्र्याची साखळी सकाळी जिथे सावलीत असते तिथे दुपारी ऊन येतं, म्हणून दोनदा जागा बदला. पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या चोच उघडून धापा टाकायला लागल्या तर पत्र्यावर ओलं पोतं टाका आणि पाणी गार ठेवा. लांबची कामं, बाजार, सिलिंडर, दुकान याच वेळेत उरका. चारच्या आत परत या.

७. दिवेलागण

इथे एक पक्का नियम धरा: सूर्य मावळायच्या आत सगळी जनावरं आत आणि बंद. मावळल्यावर कामाला सुरुवात केली की अंधारात हाकामारी करत फिरावं लागतं.

निफाड, सिन्नर, दिंडोरी, नाशिक तालुक्यांतल्या ऊसपट्ट्यात आणि गोदावरी-दारणेच्या काठाने बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्री, शेळ्या, वासरं हे त्याला सहज मिळणारं खाणं. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा त्याला पळूनही चुकवू शकत नाही. राखणीला कुत्रा अंगणात हवा, असं गावातलं कुणी म्हणेल. मालक नसताना तुम्ही त्याला पडवीत, जाळीच्या आत किंवा घरात घ्या. शेळ्यांच्या गोठ्याला नुसत्या भिंती पुरत नाहीत, वरूनही जाळी किंवा पत्रा लागतो. तो नसेल तर ताबा घेतानाच मालकाकडे हट्ट धरा.

क्रम असा:

पहिल्यांदा शेळ्या-करडं मोजून आत. मग वासरं. मग कोंबड्या. उजेड उतरायला लागला की त्या आपणहून खुराड्याकडे येतात, त्यांच्या मागे धावू नका. दाणे टाका, थांबा, आत गेल्या की मोजा आणि दार लावून खिट्टी घाला. खुराड्याच्या बुडाशी उकरल्याची खूण आहे का बघा, मुंगूस आणि रानमांजर तिथूनच शिरतं. मग गायी-म्हशींची संध्याकाळची धार, वैरण आणि पाणी. शेवटी कुत्र्याला खाऊ घालून आत.

मोजणी तोंडाने मोठ्याने करा आणि वहीत आकडा लिहा. आकडा कमी आला तर? उजेड असेल तर गड्याला घेऊन, दोघांनी मिळून बघा. अंधार झाला असेल तर एका कोंबडीसाठी उसात किंवा बागेत शिरू नका.

इशारा: रात्री बाहेर पडावंच लागलं तर बॅटरी, काठी, आणि मोबाइलवर मोठ्याने गाणं किंवा बोलणं. वाकून, उकिडवं बसून काही करू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. मुलं सोबत असतील तर संध्याकाळनंतर ती अंगणातसुद्धा एकटी नकोत.

बिबट्याने जनावर मारलंच, तर जवळ जाऊ नका. १९२६ वर आणि मालकाला लगेच कळवा. वनविभागाचा पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, नाहीतर मालकाची भरपाई अडते. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बछडी सापडतात. ती उचलून घरी आणू नका, फोटो काढायला गर्दी जमवू नका. मादी जवळपासच असते आणि रात्री त्याच जागी पिल्लांना न्यायला येते. वनविभागाची माणसं पिल्लं तिथेच परत ठेवतात ती याचसाठी.

घरात आल्यावर फाटक, मागचं दार, गॅसचं रेग्युलेटर, पाण्याची टाकी. जमिनीवर अंथरूण घालू नका, उकाडा असला तरी. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते, आणि तिच्या चाव्याच्या वेदना पुष्कळदा जाणवतही नाहीत. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

८. खाऊ घालताना

प्रेमापोटी केलेला बदल हे आजारपणाचं पहिलं कारण. पाहुणा येतो, गाय चाटते, त्याला माया येते आणि तो दोन पेंढ्या जास्त टाकतो.

कुत्र्याच्या बाबतीत नाशिकला एक धोका घराच्या दारात असतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे चालतं अशी सुरक्षित मात्रा नाही. काढणीच्या दिवसांत, साधारण जानेवारी ते एप्रिल, वेलीखाली मण्यांचा सडा असतो. कुत्र्याला तिथे मोकळं सोडू नका. खाल्लेलं दिसलं तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, तेव्हाही आणि प्रत्येक फवारणीच्या दिवशीही सगळे पाळीव प्राणी बागेपासून लांब. औषध कालवलेल्या ड्रमवर झाकण हवं. तहानलेलं जनावर त्यात तोंड घालतं.

कांदा कुत्र्या-मांजराला चालत नाही, शिजवलेलाही नाही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. तुमच्या ताटातली फोडणीची आमटी भाकरीवर ओतून देऊ नका. कांदाचाळीत उंदरांसाठी ठेवलेलं औषध कुठे कुठे आहे, ते मालकाला बोट दाखवून सांगायला लावा.

गायीला कांदा थोडाच म्हणून चालेल असं समजू नका. भाव पडले की सडका कांदा गोठ्यापुढे येऊन पडतो, आणि गायी त्याला फार संवेदनशील असतात. लघवी लालसर दिसली तर कांदा बंद आणि डॉक्टरांना फोन.

बाकी गुरांसाठी तीन गोष्टी. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्यावाचून सुकलेली, कापून घालू नका, तिच्यातून विषबाधा होते. ओला लसूणघास उपाशी पोटी भरपूर घातला की पोट फुगतं, आधी कोरडा कडबा द्या. आणि शिळा भात, पोळ्या, पुरण, लग्नातलं उरलेलं पातेल्याने ओतू नका. पोळ्याला बैलाला नैवेद्य द्यायचा तो घासभर. पीठ-साखर जास्त झाली की पोटात आम्ल वाढतं, जनावर बसतं आणि उठत नाही.

मांजराला कुत्र्याचं गोचिडाचं औषध लावू नका आणि पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजर त्याने मरू शकतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यालाही नकोत.

तपासा: औषधं, फवारणीच्या बाटल्या, उंदराचं औषध एका बंद खोलीत आहेत का? त्या खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे का?

९. आजार, चावा, अपघात

गायीची डावी कूस ढोलासारखी फुगली, ती पाय झाडते, रवंथ थांबलं, तर लगेच गुरांचे डॉक्टर. ते येईपर्यंत जनावर उभं ठेवा, पुढचे पाय उंचावर. बाटलीने जबरदस्तीने तेल पाजू नका. ठसका लागला तर ते फुप्फुसात जातं.

कुत्रा सुस्त आहे, जेवत नाही, हिरड्या फिकट आहेत, अंगावर गोचीड आहेत, तर गोचीड तापाचा संशय घ्या आणि रक्त तपासून घ्या. "मालकाच्या आठवणीने जेवत नाही" असं म्हणून दोन दिवस काढू नका. आठवण काढणारा कुत्राही पाणी पितो आणि हाकेला मान वळवतो.

कुत्रं, मांजर किंवा माकड माणसाला चावलं, ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारा. हळद, चुना, मिरची नको.

साप चावला तर, नाग, मण्यार, घोणस, फुरसं की बिनविषारी, हे ओळखत बसू नका. चिरू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. अंगठी-कडी काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका आणि १०८. सर्पदंशाची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात मिळते हे ताबा घेतानाच विचारून वहीत लिहा. नाशिक शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा शासकीय रुग्णालय आहे. कुत्र्याचं तोंड एकाएकी सुजलं तर सर्पदंश धरून चाला, त्यालाही उचलूनच न्या.

इशारा: या मुक्कामात तुमच्या गाडीत पेट्रोल कायम अर्धी टाकी तरी हवं.

१०. ऋतू आणि तालुका बघून

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात जुलै-ऑगस्टला पाऊस ठरत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोरडी वैरण, भरडा आणि सरपण आठ दिवसांचं आत रचलेलं हवं, जमिनीपासून उंच. ओला कडबा बुरशी धरतो, तो घालू नका. त्र्यंबक रोडने ये-जा असेल तर तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आसपास खासगी वाहनांवर बंधनं असतात, त्या दिवसांचा किराणा आणि औषधं आधीच आणा.

निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली जातो. वासरं, करडं आणि कोंबडीची पिल्लं यांना वाऱ्याच्या बाजूने पोती बांधा, खाली कोरडा भुसा टाका. गोठ्यात शेकोटी पेटवून झोपायला जाऊ नका.

११. मालकाला काय, कधी कळवायचं

दिवसातून एकदा, संध्याकाळच्या मोजणीनंतर, एकच निरोप. उदाहरणार्थ: "दादा, शेळ्या ७, करडं ४, कोंबड्या १५, सगळं आत. दूध सकाळी साडेपाच, संध्याकाळी चार लिटर. मोती जेवला. टाकी भरली." एवढं पुरतं. प्रत्येक शंकेला फोन केला की प्रवासातला माणूस हैराण होतो, आणि मग खऱ्या अडचणीचा फोन तो उचलत नाही. पण दूध एकदम कमी झालं, जनावर जेवलं नाही, गडी आला नाही, फाटकाचं कुलूप तुटलं, या गोष्टी त्याच क्षणी सांगा.

गड्याशी मतभेद झाला तर त्याला हुकूम सोडू नका. "दादा, मालकांनी असं सांगितलं होतं, तुम्ही वेगळं करताय, काही कारण आहे का?" असं विचारा. बहुतेक वेळा कारण असतं. नसलं तर मालकाला दोघांच्या देखत फोन लावा.

१२. ताबा परत देताना

मालक पोचल्या पोचल्या किल्ल्या देऊन निघू नका. संध्याकाळी येणार असतील तर त्या रात्रीची कामं तुम्हीच करा. प्रवासाने थकलेला माणूस खिट्टी विसरतो. दुसऱ्या सकाळी एकत्र गोठा फिरा, वहीतले आकडे आणि समोरची जनावरं जुळवा.

मग सांगायच्या गोष्टी, वाईट आधी: काय मोडलं, काय हरवलं, कोणती कोंबडी गेली, कोणत्या गायीचं दूध उतरलं आणि केव्हापासून, कुठलं औषध दिलं, किती वाजता. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावत्या हातात द्या. उरलेले पैसे मोजून. गड्याला किंवा डेअरीला काही दिलं असेल तर त्याचा हिशेब त्याच वहीत, तारखेसह. कुत्र्याला पोटाचा काही त्रास झाला असेल तर तो आता बरा असला तरी सांगा, पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला तर डॉक्टरांना ती तारीख लागते.

पाट्या-वाट्यांवरच्या चिकटपट्ट्या काढू नका, आणि वही मळ्यातच ठेवा. पुढच्या वेळी राखणीला दुसरं कुणी आलं तर त्याला त्या लागतील.